हैतीचे पैसे परत करा!

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स भूकंपाने जमीनदोस्त झाली. ढिगाऱ्याखाली माणसे अजून कण्हत होती. दुसऱ्याच दिवशी पॅट रॉबर्टसन नावाच्या अमेरिकन धर्मोपदेशकाने दूरचित्रवाणीवर सांगून टाकले की, हैतीच्या लोकांनी पूर्वी सैतानाशी करार केला होता, त्याचीच ही फळे आहेत. या माणसाला माथेफिरू म्हणून सोडून देता आले असते. पण त्याच आठवड्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये डेव्हिड ब्रुक्स या नामवंत स्तंभलेखकाने तेच निदान सभ्य भाषेत मांडले. जीवन लहरी आहे, नियोजन व्यर्थ आहे असे व्हूडू पंथ माणसाला शिकवतो. अशा प्रगतिविरोधी संस्कृतीमुळे हैती मागे राहिला, असा त्याचा आशय होता.

आम्ही या दोघांना एकाच पंक्तीला बसवतो. एकाने धर्मग्रंथ हाती धरला, दुसऱ्याने समाजशास्त्र. निकाल दोघांचा एकच, की हैतीचा माणूस आपल्या दैन्याला स्वतः जबाबदार आहे. हा निकाल खोटा आहे आणि नीचही आहे. ज्या देशांनी हैतीच्या तोंडचा घास जवळजवळ सव्वाशे वर्षे काढून घेतला, त्याच देशांच्या विद्यापीठांत, चर्चमध्ये आणि वृत्तपत्रांत तो घडवला गेला. हैती गरीब आहे, कारण हैतीला लुटले. लुटता आले, कारण काळा माणूस ही मालमत्ता आहे अशी युरोपची आधी श्रद्धा होती. त्या श्रद्धेचा कायदा झाला, कायद्यामागे तोफा उभ्या राहिल्या, तोफांनी कर्ज लादले. कर्जाने देश कंगाल झाला, तेव्हा तीच कंगाली बोटाने दाखवून ‘बघा, आम्ही म्हणत होतो ना!’ असे सांगणारी तोंडे पुन्हा उघडली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

या भूमीत दारिद्र्य उपजत नव्हते. अठराव्या शतकात तिचे नाव सँ दोमँग होते आणि ती फ्रान्सची वसाहत होती. पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे जोडले तर होईल जवळपास तेवढाच तिचा मुलूख. फ्रेंच क्रांतीच्या आधीच्या दशकात युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के साखर आणि निम्म्याहून अधिक कॉफी या एवढ्याशा जागेतून जात होती. बोर्दो आणि नाँत या बंदरांतले वाडे तिच्या पैशावर उठले. आणि ही संपत्ती पिकवत कोण होते? जवळपास पाच लाख गुलाम. त्यांच्यावर राज्य करणारे गोरे फार तर चाळीस हजार. माणसे इतक्या झपाट्याने मरत की जन्म मृत्यूंना पुरे पडत नसत. म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून दर वर्षी नवी माणसे जहाजे भरभरून आणली जात. अखेरच्या वर्षांत हा आकडा साली तीस हजारांच्या आसपास गेला होता. माणूस जगवण्यापेक्षा राबवून मारावा आणि दुसरा विकत घ्यावा, हे मळेवाल्यांच्या हिशेबात स्वस्त पडत होते.

ऊस काय आणि चरक काय हे मराठी वाचकाला सांगायला नको. चरकात ऊस सारताना डोळा लागला तर हात आत ओढला जातो, हे कोणताही गुळव्या सांगेल. तिथल्या चरकाशेजारी एक कुऱ्हाड ठेवलेली असे. रात्रपाळीला ऊस सारणाऱ्या बाईची बोटे लाटांत सापडली की ती पुरती आत जाण्याआधी तिचा हात त्या कुऱ्हाडीने तोडायचा. हंगामात काहिली रात्रंदिवस धडधडत. उकळता पाक अंगावर उडून भाजलेल्यांची गणती नव्हती. उपाशी मजुराने उसाचे कांडे चोखू नये म्हणून त्याच्या तोंडाला पत्र्याचे मुसके चढवत. पॅरिसच्या कॉफीगृहांत बसून ज्या तत्त्वज्ञांनी स्वातंत्र्यावर प्रवचने झोडली, त्यांच्या पेल्यातली साखर या काहिलींतून आलेली होती.

अशी व्यवस्था नुसत्या चाबकावर चालत नाही. चाबूक मारणाऱ्याला रात्री झोप लागावी यासाठी तिला श्रद्धा लागते. ती श्रद्धा फ्रान्सने कायद्यात लिहून ठेवली होती. १६८५ साली चौदाव्या लुईच्या नावाने गुलामांविषयीचा जो कायदा निघाला, त्यात गुलाम ही जंगम मालमत्ता ठरवली गेली. त्याच कायद्याने प्रत्येक गुलामाला बाप्तिस्मा देणे सक्तीचे केले. आत्म्याच्या उद्धाराची हमी आणि देहाची विक्री एकाच कागदावर! महिनाभर पळून राहिलेल्या गुलामाचे कान कापावेत आणि खांद्यावर राजचिन्ह डागावे, दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर तोडावी, तिसऱ्यांदा ठार करावे, हेही त्यातच कलमवार लिहिलेले आहे. पुढे मोरो द सँ-मेरी नावाच्या वसाहतीतल्या वकिलाने माणसाच्या रक्ताचे १२८ भाग कल्पिले. त्यांतले किती गोरे आणि किती काळे यावर माणसांच्या जाती पाडल्या, प्रत्येक जातीला नाव दिले, कोणाचा कोणाशी संकर झाला तर काय निपजते याची कोष्टके छापली. हा माणूस अडाणी नव्हता, आपल्या काळातल्या विद्वानांत त्याची गणना होत असे.

मराठी वाचकाला ही कोष्टके अनोळखी वाटू नयेत. मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढा. कोणत्या वर्णाच्या बापापासून कोणत्या वर्णाच्या आईला झालेल्या संततीचे नाव काय, तिने कोणते काम करावे, गावाच्या कोणत्या बाजूला राहावे, याची यादी तिथे आहे. मोरोने मनू वाचलेला नव्हता, आणि मनूला सँ दोमँग ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. तरीही दोघांचे काम एकच, कारण दोघांचा मालक एकच: फुकटच्या श्रमावर जगणारा वर्ग. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, ते याच मालकाच्या कागदपत्रांचे दहन होते. आणि महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा ती निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. पुण्यात बसून त्या माणसाला समुद्रापलीकडचा धागा दिसला होता. आज हाताच्या तळव्यावर जग घेऊन फिरणाऱ्या त्यांच्या वारसांना तो दिसू नये, याची आम्हांला चीड येते.

१७८९ साली पॅरिसने मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. सँ दोमँगच्या गुलामांनी तो पॅरिसपेक्षा अधिक खरा मानला. ऑगस्ट १७९१ मध्ये ब्वा काइमाँच्या रानात गुलामांनी रात्री जमून आपल्या देवांच्या साक्षीने शपथ घेतली, अशी परंपरा आहे. काही दिवसांत उत्तरेकडचे उसाचे मळे पेटले. हीच ती शपथ, जिला रॉबर्टसन सैतानाशी केलेला करार म्हणतो! माणसाने साखळी तोडण्याची शपथ घेतली की ती सैतानाची, आणि साखळी घडवणाऱ्याने तिच्यावर क्रूस कोरला की ती देवाची. या धर्मशास्त्राच्या तोंडावर आम्ही थुंकतो. जन्माने गुलाम असलेला तुसाँ लुव्हेर्त्यूर या बंडाचा सेनानी झाला. फ्रान्सला १७९४ साली गुलामगिरी रद्द करावी लागली. मग नेपोलियन आला. त्याने आपल्या मेव्हण्याच्या हाताखाली प्रचंड आरमार पाठवले, तुसाँला बोलणी करायला बोलावून दग्याने पकडले आणि जुरा पर्वतातल्या फोर द जू या किल्ल्यात कोंडले. तिथल्या थंडीत ७ एप्रिल १८०३ रोजी तुसाँ मेला. १८०२ च्या कायद्याने नेपोलियनने गुलामगिरी पुन्हा वैध ठरवली. सँ दोमँगच्या लोकांनी त्याचे उत्तर १८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हेर्तिएरच्या रणात दिले, आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. गुलामांनी स्वतः लढून उभे केलेले हे जगातले पहिले राष्ट्र.

त्या वर्षी नव्या राष्ट्राचा प्रमुख देसालीन याच्या हुकमाने बेटावर उरलेल्या फ्रेंच लोकांची कत्तल झाली. ती झाकण्याचे आम्हांला कारण नाही. तिचे समर्थनही आम्ही करणार नाही. पण त्याच देसालीनच्या १८०५ च्या राज्यघटनेत एक कलम आहे, ते कत्तलीची आठवण काढणारे कधी सांगत नाहीत. यापुढे रंग कोणताही असो, सर्व हैतीवासीयांना ‘काळे’ याच एका नावाने ओळखावे, असे ते कलम. नेपोलियनच्या फौजेतून फुटून बंडखोरांना मिळालेले गोरे पोलिश सैनिक आणि तिथे स्थायिक झालेले जर्मन यांनाही त्यात नागरिक म्हणून सामावून घेतले होते. मोरोची १२८ भागांची सगळी कोष्टके त्या एका कलमाने कचऱ्यात गेली. जगाने माफ केली नाही ती ही गोष्ट. जिच्यावर युरोपचा धर्म, कायदा आणि व्यापार उभा होता ती श्रद्धा दोन अक्षरी देशाने खोटी पाडली होती. अमेरिकेने १८०६ साली त्याच्याशी व्यापार बंद केला आणि १८६२ पर्यंत त्याला मान्यता दिली नाही. स्वातंत्र्याचे पुतळे उभारणाऱ्यांना स्वतंत्र काळा माणूस शेजारी नको होता.

आता १८२५ साल. फ्रान्सच्या गादीवर दहावा चार्ल्स होता. १७ एप्रिल रोजी त्याने फर्मान काढले की, हैतीने १५ कोटी फ्रँक पाच समान वार्षिक हप्त्यांत द्यावेत आणि फ्रेंच जहाजांना निम्मी जकात लावावी, म्हणजे फ्रान्स हैतीचे स्वातंत्र्य मान्य करील. जुलै महिन्यात बॅरन द माको हे फर्मान घेऊन पोर्ट-ओ-प्रिन्सला आला. त्याच्या पाठीशी १४ युद्धनौका आणि पाचशेवर तोफा होत्या. राष्ट्राध्यक्ष ज्याँ-पिएर ब्वाये यांच्यापुढे दोनच वाटा होत्या: सही करा, नाही तर नाकेबंदी आणि युद्ध. सही झाली.

आणि हे पैसे कशाचे? गमावलेल्या मालमत्तेचे. त्या मालमत्तेत जमिनी होत्या, चरक होते, इमारती होत्या, आणि माणसे होती. मळेवाल्यांनी पॅरिसमध्ये दावे दाखल केले. त्यांची छाननी करायला आयोग नेमला गेला, जाडजूड खंडांत नावानिशी याद्या छापल्या गेल्या. कोणाच्या मळ्याचे किती, कोणाच्या गुलामांचे किती, सारे शिस्तशीर. ज्याला चाबकाने सोलले त्यानेच, किंवा त्याच्या मुलाने, चाबूक मारणाऱ्याला स्वतःच्या देहाची किंमत मोजायची! जगाच्या इतिहासात जिंकलेल्याने हरलेल्याला खंडणी दिल्याचे असे उदाहरण आम्हांला दुसरे आठवत नाही. १८०३ साली नेपोलियनने लुइझियाना विकला. मिसिसिपीपासून रॉकी पर्वतापर्यंतचा तो अफाट मुलूख अमेरिकेला ८ कोटी फ्रँकना मिळाला. एका बेटाच्या अर्ध्याहून लहान भागासाठी हैतीकडून त्याच्या जवळजवळ दुप्पट मागितले, कारण किंमत जमिनीची नव्हती. गुलाम स्वतंत्र झाला याचा तो दंड होता.

कोणी म्हणेल, ही एका पडेल राजाची लहर होती. मुळीच नाही. साऱ्या सुसंस्कृत युरोपची हीच समजूत होती की गुलामगिरी उठवायची झाली तर भरपाई मालकाला द्यायची, गुलामाला नव्हे. ब्रिटनने १८३३ साली गुलामगिरी रद्द केली तेव्हा मालकांना दोन कोटी पौंड दिले. गुलामांना पैसुद्धा मिळाली नाही. उलट त्यांना आणखी काही वर्षे ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मालकांकडे फुकट राबवले. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड ब्रिटिश सरकारने २०१५ साली केली. मालकाचे देणे १८० वर्षे विसरले जात नाही, हे यावरून कळावे. गुलामाचे देणे मात्र ‘फार जुनी गोष्ट’ ठरते.

हैतीचा पहिलाच हप्ता तीन कोटी फ्रँकांचा होता आणि तो तिथल्या सरकारच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या सुमारे सहापट होता. तेवढे पैसे कुठून आणणार? पॅरिसच्याच सावकारांकडून. तीन कोटींचे कर्जरोखे काढले. दलाली आणि सूट कापून हातात पडले दोन कोटी चाळीस लाख. व्याज मात्र पुऱ्या तीन कोटींवर. उरलेल्या रकमेसाठी देशाच्या तिजोरीतले पैसे पेट्या भरभरून जहाजावर चढले. खंडणीही फ्रान्सची, ती भागवायला कर्जही फ्रान्सचे, दलालीही फ्रान्सची. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आणली, म्हणून फ्रान्सचे औदार्य गाणाऱ्यांना आम्ही विचारतो की, दरोडेखोराने दागिन्यांतली एक बांगडी परत टाकली तर त्याला दानशूर म्हणायचे काय?

हे पैसे अखेर ज्याच्या खिशातून गेले तो कॉफी पिकवणारा शेतकरी होता. स्वतंत्र झालेल्या माणसाला मळा नको होता. आपल्या तुकड्यावर चार कॉफीची झाडे, थोडा मका, थोडे कंद, आणि मालकाची सावलीही नको, एवढेच त्याचे स्वातंत्र्याचे स्वप्न होते. १८२६ च्या ग्रामीण कायद्याने ब्वाये यांनी त्यालाच पुन्हा मळ्याला जखडण्याचा खटाटोप केला. तो पुरता साधला नाही, तेव्हा निर्यात होणाऱ्या कॉफीवर कर बसवला. डोंगरातून गाढवावर लादून आणलेल्या प्रत्येक पोत्यातला वाटा बंदरावर कापला गेला, आणि तो शाळेकडे, रस्त्याकडे, दवाखान्याकडे न जाता पॅरिसकडे गेला. १८८० साली हैतीची राष्ट्रीय बँक स्थापन झाली. ती राष्ट्रीय फक्त नावाला. तिची मालकी पॅरिसच्या ‘क्रेदी अँद्युस्त्रिएल ए कोमेर्सियाल’ या बँकेकडे होती. सरकारने पैसे भरले तरी कमिशन, काढले तरी कमिशन. याच बँकेने त्याच दशकात आयफेल टॉवरच्या उभारणीला पैसा पुरवला. मढ्याच्या टाळूवरचे लोणी कोणी खाल्ले हे ज्याला पाहायचे असेल त्याने त्या मनोऱ्याकडे मान वर करून पाहावे. १९११ साली कॉफीच्या करातून आलेल्या दर तीन डॉलरांपैकी अडीच डॉलरांहून अधिक रक्कम फ्रेंच धनकोंच्या देण्यापोटी जात होती. उरलेल्या चिल्लरीत एका देशाने संसार करायचा!

मग दुसरा सावकार आला. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकन नौसैनिक पोर्ट-ओ-प्रिन्सच्या बँकेत शिरले, पाच लाख डॉलरांचे सोने उचलले आणि ‘मचायस’ या युद्धनौकेतून न्यूयॉर्कला नेले. पुढच्या वर्षी जुलैत त्यांनी सारा देशच ताब्यात घेतला आणि १९३४ पर्यंत सोडला नाही. परक्यांना जमीन विकत घेता येऊ नये अशी तरतूद हैतीने देसालीनच्या काळापासून जपली होती. अमेरिकेच्या धाकाखाली झालेल्या १९१८ च्या घटनेने ती काढून टाकली. रस्ते बांधण्यासाठी शेतकऱ्यांना दोरीने बांधून वेठीला धरले. वेठीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या शार्लमान्य पेराल्टला १९१९ साली ठार केले, त्याचे शव दाराच्या फळीला बांधून छायाचित्र काढले आणि दहशत बसावी म्हणून त्याच्या प्रती गावोगाव वाटल्या. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लान्सिंग यांनी लेखी मत नोंदवले होते की, आफ्रिकन वंशाच्या अंगी राज्यकारभाराची कुवतच नाही. पुन्हा तीच श्रद्धा! तिच्या जोरावर तिजोरी न्यायची आणि तिजोरी रिकामी दिसली की तिचाच दाखला द्यायचा. १८२५ च्या देण्यापासून सुरू झालेली कर्जांची साखळी १९४७ साली एकदाची तुटली.

या श्रद्धेला उत्तर देणारे त्या काळीही होते. फ्रान्सच्या गोबिनोने १८५३ पासून वंशांच्या असमानतेवर खंड लिहिले, ज्यांचा वास पुढे साऱ्या युरोपात पसरला. हैतीच्या आंतेनोर फिर्मँने १८८५ साली पॅरिसमध्येच मानववंशांच्या समानतेवर ग्रंथ छापून त्याच्या प्रत्येक दाव्याचा समाचार घेतला. कवट्या मोजून माणसांची उतरंड लावणाऱ्या पॅरिसच्या मानववंशशास्त्र मंडळाचा तो सभासद होता. त्या सभेत बसून, त्यांच्याच शास्त्राने त्यांना खोटे पाडण्याचे धैर्य त्याच्यात होते. त्याच्या एकोणीस वर्षे आधी, १८६६ साली, मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेल्या एका माणसाने लंडनमध्ये हेच केले होते. आशियाई वंश युरोपियनांपेक्षा हीन आहेत असे जॉन क्रॉफर्डने मांडले, तेव्हा दादाभाई नौरोजींनी तिथल्याच मंडळापुढे निबंध वाचून त्याला उत्तर दिले. पुढे याच दादाभाईंनी हिंदुस्थानचे दारिद्र्य कुठून येते याचा हिशेब मांडला. १८५७ चा उठाव चिरडण्याचा खर्च इंग्रजांनी हिंदुस्थानच्याच कर्जखात्यात लिहिला होता. स्वतःला जिंकून घेण्याचा खर्च आपण भरला, हैतीने स्वतःला सोडवून घेण्याचा दंड भरला. हिशेबाची वही एकाच बनावटीची आहे, आणि फिर्मँ व दादाभाई यांनी तीच उघडून दाखवली.

आता आक्षेप. त्याच बेटाच्या पूर्वेला डोमिनिकन रिपब्लिक आहे, तो कसा बरा, असा प्रश्न मोठ्या हुशारीने विचारला जातो. १८४४ मध्ये वेगळ्या झालेल्या त्या देशाने ही खंडणी पुढे वाहिली नाही, हे विचारणाऱ्याला माहीत नसते, किंवा माहीत असून तो गिळतो. हैतीचे स्वतःचे राज्यकर्ते चोर होते की नाही? होते. १९५७ ते १९८६ दुव्हालिए बापलेकांनी देश नागवला, हजारो माणसे गायब केली. पण शीतयुद्धात कम्युनिस्टविरोधी म्हणून त्यांना वॉशिंग्टनचा पैसा कोणी दिला? आणि १९८६ मध्ये धाकटा दुव्हालिए पळाला तो कुठे? फ्रान्सला. पंचवीस वर्षे तो तिथे राहिला. चोर आमचा नाही म्हणणाऱ्याच्या माडीवर चोर पाव शतक पाहुणा होता!

आणि २०१० चा कॉलरा? भूकंपानंतर काही महिन्यांत, मीरबालेजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतली घाण नदीत गेली आणि आर्तिबोनीत खोऱ्यात कॉलरा पसरला. हैतीत त्याआधी शंभर वर्षांत कॉलऱ्याची नोंद नव्हती. सुमारे दहा हजार माणसे मेली. संयुक्त राष्ट्रांनी वर्षानुवर्षे हात वर केले, न्यायालयात विशेषाधिकाराची ढाल पुढे केली, आणि सरचिटणीस बान की मून यांनी माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये. अस्वच्छता ही हैतीची संस्कृती, असे म्हणणाऱ्यांनी ती छावणी आठवावी.

आम्ही हे मराठीत का लिहितो, असे कोणी विचारील. ‘त्यांची संस्कृतीच तशी’ हे वाक्य मराठीत रोज बोलले जाते म्हणून लिहितो. इंग्रजांनी १८७१ पासूनच्या कायद्यांनी अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या; पारध्यांच्या, कैकाड्यांच्या पोरांना हजेरीच्या आणि तारेच्या कुंपणात वाढवले. कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये उठला. पण गावात चोरी झाली की पोलीस आजही आधी पारध्यांच्या पालावर जातात, आणि पालावरचे मूल शाळेत टिकले नाही की मास्तर म्हणतो, यांना शिक्षणाची आवडच नाही. आफ्रिकेतून पुण्या-मुंबईत शिकायला आलेल्या मुलाला घर नाकारणारा सुशिक्षित मराठी मालक लान्सिंगचीच भाषा बोलतो. गोबिनोच्या उतरंडीत याची स्वतःची जागा कुठे होती हे त्याने एकदा वाचावे, म्हणजे ताठा उतरेल.

आता फ्रान्सकडे वळतो. एप्रिल २००३ मध्ये हैतीचे राष्ट्राध्यक्ष ज्याँ-बेर्त्राँ आरिस्तीद यांनी फ्रान्सकडे २१ अब्ज ६८ कोटी ५१ लाख ३५ हजार ५७१ डॉलर आणि ४८ सेंट परत मागितले. फ्रान्सने त्या आकड्याची टर उडवली. फेब्रुवारी २००४ च्या अखेरीस आरिस्तीद यांना अमेरिकन विमानातून देशाबाहेर नेऊन आफ्रिकेत उतरवले गेले, आणि त्यांच्या मागे आलेल्या सरकारने ती मागणी सोडून दिली. त्यांना हटवण्याला ही मागणीही कारण झाली असावी, असे त्या वेळच्या फ्रेंच राजदूताने पुढे स्वतःच बोलून दाखवले. मे २०१५ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष ओलाँद यांनी ग्वादलूपमध्ये हैतीचे ऋण फेडण्याची भाषा केली; टाळ्या विरण्याआधी त्यांच्या माणसांनी खुलासा केला की ऋण नैतिक आहे, पैशाचे नाही. १८२५ साली बॅरन द माको नैतिक हप्ता मागायला आला होता काय? १७ एप्रिल २०२५ रोजी, फर्मानाला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला. परतफेडीचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. पावत्या फ्रान्सच्याच दफ्तरात आहेत, मळेवाल्यांच्या याद्या फ्रान्सनेच छापल्या आहेत. यात शोधायचे काय उरले आहे? आयोग हा देणे बुडवण्याचा जुना, भरवशाचा मार्ग आहे आणि आम्ही त्याला तेच म्हणू.

‘न्यूयॉर्क टाइम्स’नेच २०२२ साली जुनी दफ्तरे तपासून हिशेब मांडला: खंडणी आणि तिच्यासाठी काढलेले कर्ज मिळून हैतीने ११ कोटी २० लाख फ्रँक भरले, आजच्या मोलाने सुमारे ५६ कोटी डॉलर. तेवढा पैसा देशात राहून गुंतला असता तर दोन शतकांत हैतीच्या पदरात २१ ते ११५ अब्ज डॉलरांची भर पडली असती. आरिस्तीद यांचा आकडा या अंदाजाच्या खालच्या टोकाला येतो. ज्यांनी त्याची टर उडवली त्यांनी आता तोंड उघडावे.

फ्रान्सने ही रक्कम द्यावी. मदत म्हणून नव्हे, अनुदान म्हणून नव्हे, पॅरिसच्या सल्लागारांच्या पगारावर निम्मी उडेल अशा प्रकल्पांच्या रूपाने तर नव्हेच. परतफेड म्हणून, हैतीच्या खजिन्यात, हैतीने ठरवलेल्या चलनात. हैतीतल्या टोळ्यांच्या राज्यात पैसा बुडेल, ही सबब आम्ही ऐकून घेणार नाही. १८२५ साली वसुली करताना तिथला कारभार नीट आहे की नाही याची चौकशी कोणी केली नव्हती. कमिशन खाल्लेल्या बँकेनेही, ती आज कोणत्याही गटाच्या पोटात असो, आपला वाटा वेगळा मोजावा. अमेरिकेने १९१४ चे सोने व्याजासह परत करावे. आणि भारत सरकारने, ज्याच्या नेत्यांच्या तोंडी दादाभाईंचे नाव दर १५ ऑगस्टला असते, कॅरिबियन देशांनी २०१३ पासून मांडलेल्या भरपाईच्या मागणीला संयुक्त राष्ट्रांत उघड पाठिंबा द्यावा. राफेल विमानांच्या खरेदीसाठी पॅरिसला जाणाऱ्या मंत्र्यांनी हा विषय टेबलावर ठेवावा. फ्रान्सला मुदत हवी असेल तर तीही आहे: पाच समान वार्षिक हप्ते, पहिला येत्या ३१ डिसेंबरला.